शेवटचा रकाना

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: आपली मागील भेट चौदा महिने तीन दिवसांपूर्वी.

ते वाचून तिला वाटलं, मागून कुणीतरी बोललं. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा. चष्म्याच्या दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं. मालक जेवायला गेले होते, काचेच्या कपाटात रिकाम्या फ्रेमा ओळीनं मांडलेल्या होत्या आणि डोळे तपासायच्या खोलीतला दिवा ती बंद करायला विसरली होती, त्यामुळे दाराच्या फटीतून अक्षरांच्या तक्त्याचा खालचा भाग दिसत होता. ती पालिकेच्या संकेतस्थळावर आली होती ती दुसऱ्याच कामासाठी. बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. दोन खोल्यांचं ते घर तिच्या नावावर करायचं तर आधी पालिका जाहीर सूचना काढणार, कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत नोंदवा म्हणणार, आणि मगच पुढचं. पालिकेच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं होतं, "आता पेपरात नाही हो येत. साइटवर बघत राहा." बघत राहा. तिनं दोन वर्षांपूर्वी बाबांसाठीच इथं खातं उघडलं होतं, आणि त्या खात्यानं तिची प्रत्येक भेट मोजून ठेवली होती. पहिले दहा महिने दर रविवारी एक. त्यानंतर एकही नाही. आणि त्यानंतर बाबा होते तोवर प्रत्येक रविवारी साडेदहा वाजता तिनं बाबांना फोनवर जाहीर सूचना वाचून दाखवल्या होत्या. एकही रविवार चुकला नव्हता.

बाबा एकतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होते, आणि त्यातली चोवीस वर्षं त्यांच्याकडे फक्त सूचनांचं पान होतं. बातमीत चूक झाली तर लोक हसतात, अग्रलेखात झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण सूचनेत एक आकडा चुकला तर सगळी सूचनाच रद्द होते आणि कुणाचं तरी घर जातं, असं ते म्हणत. म्हणून पान दोनदा तपासायचं. एकदा कचेरीत आणि एकदा घरी. घरी आणलेल्या मुद्रितांवर शाईचा ओला वास असे. बाबा जेवणाच्या टेबलावर मुद्रित पसरत, लाल पेन्सिल कानावर ठेवत, आणि तिच्या हातात मूळप्रत देत. मूळप्रत मोठ्यानं वाचायची, मुद्रितावर त्यांची नजर चालायची. ती तेव्हा नऊ वर्षांची असेल. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की स्वल्पविराम पुढील मिळकत कंस सुरू क्रमांक चार शून्य सात कंस पुरा..." आकडे एकेक करून वाचायचे. चारशे सात म्हटलं की पेन्सिल टेबलावर आपटायची. "चारशे सात नाही. चार, शून्य, सात. डोकं घरी ठेवून वाच. अर्थ लागला की चूक दिसत नाही." कितीतरी वर्षं तिला वाटायचं की सगळ्याच घरांत मुली असं वाचतात. शाळेत धडा वाचायला उभी राहिली तेव्हा तिनं पहिल्याच वाक्यात "स्वल्पविराम" म्हटलं आणि सगळा वर्ग हसून लोळला. घरी येऊन रडली तर बाबा म्हणाले, "बरोबरच वाचलंस की."

सूचनांच्या पानाला आठ रकाने असत. निविदा, रस्तारुंदी, करवसुली, मिळकतींच्या हरकती, पाणीपुरवठा, झाडतोड, नामबदल. आणि आठवा, अगदी उजवीकडचा, पालिकेच्या शवागाराचा. अनोळखी पुरुष, वय अंदाजे, उंची अंदाजे, अंगावर अमुक रंगाचा शर्ट. ओळख पटवणाऱ्यांनी इतक्या दिवसांत संपर्क साधावा, अन्यथा नियमानुसार विल्हेवाट लावण्यात येईल. लहानपणी हा रकाना तिच्याकडून बाबा कधी वाचून घेत नसत. "हा मी बघतो," म्हणत आणि मूळप्रतीचा तेवढा कागद तिच्या हातून काढून घेत. नऊ वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ घर सोडून गेला, त्यानंतर बाबांनी सगळं पान सोडलं तरी तो एक रकाना कधी सोडला नाही. निवृत्त झाले होते तरी रोज सकाळी दैनिक उघडून थेट उजव्या टोकाला जायचं, तिथून उलटं वाचत यायचं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि तिनंही विचारलं नाही. घरात काही गोष्टी अशा असतात की त्यांच्याभोवतून वाट पडते, फरशीवर मांडलेल्या ट्रंकेभोवती पडावी तशी, आणि मग ट्रंक हलवायची कुणाला आठवणच राहत नाही.

धाकट्याला बाबांनीच कामाला लावलं होतं. शिकाऊ म्हणून, आपल्याच हाताखाली. तो हुशार होता, पण त्याला वाचताना अर्थ लागायचा, हाच त्याचा दोष. एका रस्तारुंदीच्या सूचनेत सुनावणीची तारीख बारा होती, ती एकवीस छापली गेली. नऊ घरांतली माणसं एकवीस तारखेला कागदपत्रं घेऊन पालिकेत गेली, तर सुनावणी होऊन गेलेली. दैनिकात चुकांची एक वही असे. कुणाच्या हातून काय सुटलं ते त्यात लिहायचं. बाबांनी स्वतःच्या अक्षरात धाकट्याचं नाव लिहिलं आणि संपादकांच्या टेबलावर वही नेऊन ठेवली. त्या संध्याकाळचं ते दोघांचं बोलणं तिनं ऐकलं होतं, कपडे वाळत घालताना, आतल्या खोलीतून.

"तुम्ही दोनदा तपासता ना? मग तुमच्याही नजरेतून सुटलंच की."

"हो. माझंही नाव लिहिलंय खाली."

"दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर?"

"तरी लिहिलं असतं."

"तेच म्हणतोय मी," धाकटा म्हणाला. "तेच तर म्हणतोय."

दाढीचं सामान, पुस्तकं, नवीन बूट, सगळं ठेवून तो गेला. खिशात घराची किल्ली होती तेवढी गेली. ती किल्ली म्हणजे एक विनोदच होता. ती सोळाची आणि तो अकराचा असताना बाबांनी दोघांसाठी एकाच दिवशी दोन किल्ल्या करून घेतल्या. कारागिरानं शेवटचा दात अर्धाच कापला, तोही तिरका, आणि दोन्ही किल्ल्यांवर तसाच. बाबांनी तिथंच दुकानात बोट ठेवलं. कारागीर म्हणाला, "चालतंय साहेब, फक्त दार जरा उचलून फिरवा." आणि जो माणूस एका आकड्यासाठी अख्खं पान परत पाठवायचा, तो म्हणाला, "चालतंय तर चालू दे." त्या दोघांना हसू आवरेना. पुढं कितीतरी वर्षं, बाबांनी कशावर बोट ठेवलं की धाकटा मागून पुटपुटायचा, "चालतंय साहेब, जरा उचलून." कुलूप बाबांनी बदललं नाही. लाकूड फुगलं, बिजागरी खाली आली, दार आणखी उचलावं लागू लागलं, तरी बदललं नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अहो, म्हातारपणी दार उचलता, कंबर जाईल एक दिवस." बाबा म्हणायचे, "जाऊ दे."

मग दोन वर्षांपूर्वी पालिकेनं सूचना दैनिकात द्यायचं बंद केलं. खर्च वाचतो, कागद वाचतो, नागरिकांना घरबसल्या माहिती मिळते, अशी सूचना दैनिकात आली. ती तिथली शेवटची. तोवर बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. तिनंच तपासलं होतं, दुकानातल्या त्या अंधाऱ्या खोलीत. "शेवटची ओळ वाचा," ती म्हणाली, आणि बाबांनी सहाच्या सहा अक्षरं धडाधड म्हणून दाखवली. रोज माणसं येतात, लाजेपोटी पाठ करून आलेली अक्षरं म्हणतात. वाचणाऱ्याच्या आवाजात एक अडखळ असते, ती पाठ म्हणणाऱ्याच्या आवाजात नसते. तिनं तक्ता बदलला. बाबा बराच वेळ समोर बघत बसले आणि म्हणाले, "पकडलंस." तेव्हा ती हसली होती. दैनिक ते भिंगानं, मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं वाचू शकत. पडद्यावरचं त्यांना काहीच दिसेना. ते म्हणाले, "तू वाचत जा. रविवारी. फार वेळ नाही लागणार." आणि जरा थांबून, "मूळप्रत वाचायचीस तशी."

तेव्हा दर रविवारी साडेदहा. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, गॅलरीच्या दारात फोन मांडीवर घेऊन. ते तिकडे खुर्चीत, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून.

"हं. वाच."

"निविदा. क्रमांक एक तीन दोन. गटारांची झाकणं बसवणं..."

"बसवणे."

"बसवणे. स्वल्पविराम..."

असं पाऊण तास. रस्ते, झाडं, नळ. शेवटी बाबा अगदी सहज, टेबलावरचं मीठ मागावं तसं विचारायचे, "आणि शेवटचा रकाना?" साइटवर रकाने नव्हतेच, कप्पे होते, बोट ठेवलं की उघडणारे. पण दोघंही रकानाच म्हणायचे. कधी त्यात एक असायचा, कधी दोन, कधी एकही नसायचा. ती वाचायची. वय अंदाजे साठ. वय अंदाजे चाळीस, डाव्या हातावर गोंदण. वय अंदाजे तीस, आणि मग पलीकडचा श्वास थांबायचा, उंची पाच फूट दोन, आणि श्वास पुन्हा सुरू व्हायचा. धाकटा पाच फूट सात होता. फोन ठेवल्यावर तिला आंघोळ करावीशी वाटायची. सोमवारी दुकानात माणसाच्या डोळ्यांसमोर भिंग धरलं की तिच्या मनात आपोआप वाक्य उमटायचं, अंगात चौकटीचा शर्ट, पायात चप्पल नाही. जिवंत माणसं तिच्यासमोर खुर्चीत बसलेली असायची आणि ती त्यांची सूचना लिहायची.

मग एका रविवारी साइट उघडेना. गोल गोल फिरत राहिली. बाबा तिकडे फोनवर. "हं. वाच." आणि तिच्या तोंडून निघालं, "पाणीपुरवठा. क्रमांक दोन शून्य नऊ. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी स्वल्पविराम..." इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. चोवीस वर्षांची भाषा तोंडात होतीच. तिनं तीन सूचना रचल्या. "आणि शेवटचा रकाना?" "रिकामा," ती म्हणाली. "बरं," बाबा म्हणाले. "बरं झालं." त्या "बरं झालं"मध्ये इतका सुस्कारा होता की पुढच्या रविवारी साइट उघडत असतानाही तिनं ती उघडली नाही. आपण हे बाबांसाठी करतोय असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते थोडंफार खरंही होतं. पुढं तर तिला त्यात गंमत वाटू लागली. शनिवारी भांडी घासताना ती सूचना रचायची. शाळेच्या भिंतीला लागून असलेलं वठलेलं झाड. बाजारातल्या सात ओट्यांची फेरनिविदा. एका गृहस्थांना आपलं नाव बदलून आजोबांचं घ्यायचं होतं, त्यांच्यावर तर बाबा खूष झाले. "बघ, माणसं काय काय करतात." चौदा महिने असं एक नसलेलं शहर दर रविवारी त्यांच्या दोघांत वाढत गेलं, त्यात झाडं पडत होती, नळ दुरुस्त होत होते आणि कुणीही बेवारस मरत नव्हतं.

आता दुपारी दोन वाजता, दुकानात एकटी, तिनं मिळकतींच्या हरकतींचा कप्पा उघडला. सूचना आलेली होती. मयताचं नाव, घराचा क्रमांक, आणि वारस: एक, मुलगी, दोन, मुलगा, ठावठिकाणा अज्ञात. सदर मुलग्यानं अथवा त्याच्या वतीनं कुणी तीस दिवसांत. तिनं ते वाचलं. मग हात आपोआप उजवीकडे गेला, कप्प्यांच्या टोकाला, आणि तिथं गेल्या वर्षभराच्या सूचना एकाखाली एक होत्या. तेवीस. तिनं त्या खालून वर वाचत नेल्या, बाबा वाचायचे तशा. चौदावी सात महिन्यांपूर्वीची होती. अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस ते पस्तीस. उंची पाच फूट सात. अंगात निळसर शर्ट. ओळखीची विशेष खूण नाही. जवळील वस्तू: एक कंगवा, एक किल्ली. छायाचित्र उपलब्ध नाही. सूचनेचा दिनांक नऊ होता आणि मृतदेह आढळल्याचा दिनांक एकोणीस, त्याच महिन्याचा. म्हणजे माणूस सापडण्याआधी दहा दिवस सूचना निघाली होती. तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. चूक, असंच आलं. लाल पेन्सिल. ही सूचना दैनिकात असती तर बाबांनी परत पाठवली असती, शुद्धिपत्र निघालं असतं, मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली गेली असती. एकवीस दिवस आणि वर आणखी एकवीस.

त्या रविवारी मी काय वाचलं होतं, हे आठवायचा तिनं प्रयत्न केला. तारखेवरून मोजलं. वठलेलं झाड. हो, झाडच. बाबांनी विचारलं होतं, कुठल्या शाळेचं? आणि ती म्हणाली होती, लिहिलेलं नाही. "नेहमीचंच," बाबा म्हणाले होते. "महत्त्वाचं तेवढं लिहीत नाहीत." आणि मग, शेवटचा रकाना? रिकामा.

मालक परत आले, दात कोरत. तिच्याकडे बघून म्हणाले, "काय हो, भूत पाहिलंत का?" ती म्हणाली, "अर्धा दिवस सुट्टी हवी होती." मालकांनी कशाला म्हणून विचारलं नाही. एकोणीस दिवसांच्या माणसाला कुणी विचारत नाही.

पालिकेच्या रुग्णालयामागं, धुलाईघराच्या पलीकडे, शवागाराची कचेरी होती. जाताना बसमध्ये तिला सारखं एकच आठवत राहिलं. बाबा गेले त्याच्या आधीच्या महिन्यात एका रविवारी वाचन संपल्यावर ते फोन ठेवीनात. मग म्हणाले, "हल्ली फार सफाईनं वाचतेस."

"सवय झाली," ती म्हणाली.

"हं. पालिकेची सूचना इतकी सफाईदार नसते. एक तरी चूक असतेच." थोडा वेळ नुसता आवाज, रिसीव्हरवर हात घासल्याचा. "वर्षभरात एक चूक नाही सापडली मला."

"सुधारले असतील."

"असतील," बाबा म्हणाले. "चालतंय तर चालू दे."

तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती आणि त्या वाक्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. आता बसच्या दांड्याला धरून उभी असताना ते तिला पुन्हा ऐकू आलं. त्यांना माहीत होतं. किती रविवार माहीत होतं? तक्त्यासमोर बसून पाठ म्हणणाऱ्याला पकडतात तसं त्यांनी तिला पकडलं होतं आणि बोलले नव्हते. ते दर रविवारी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून बसत ते तिची थाप ऐकायला, रिकामा हा एक शब्द ऐकायला, कारण छापलेलं नाही तोवर झालेलं नाही. की हेही तीच रचत होती आता, चौदा महिन्यांच्या सवयीनं, सफाईनं, एकही चूक न ठेवता? ज्यांना विचारायचं ते नव्हते. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "बसा हो, जागा झाली," आणि ती बसली.

कचेरीच्या खिडकीला जाड काच होती, बोलायला एक गोल भोक आणि खाली कागद सरकवायला फट. आत बसलेले कारकून पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं सूचनेचा क्रमांक सांगितला, एकेक आकडा सुटा करून. त्यांनी मान वर केली.

"सात महिने झाले, ताई."

"हो."

"मुदत एकवीस दिवस असते. तेव्हा का नाही आलात?"

"वाचलं नव्हतं."

"कोण वाचतंय?" ते म्हणाले, आणि ते चिडून नव्हे, उलट जरा आपुलकीनंच. "पेपरात यायचं तेव्हा लोक यायचे. भलतेच यायचे, नवरा पळालेल्या बायका यायच्या, पैसे घेऊन गेलेला भागीदार शोधत यायचे, पण यायचे. या भोकाशी रांग असायची. आता दोन वर्षांत तुम्ही... अं... चौथ्या." त्यांनी रजिस्टर ओढलं. "मृतदेह नाही आता. नियमाप्रमाणे सगळं झालं. ठिकाणाचा क्रमांक देता येईल. पण आधी ओळख पटायला हवी. वस्तू वर्षभर ठेवतो."

"सूचनेत तारीख चुकली आहे."

"काय?"

"नऊ तारखेच्या सूचनेत एकोणीस तारखेला सापडला असं आहे."

त्यांनी बघितलं, ओठ पुढे काढले. "खरंच की. बहुतेक सूचना एकोणतीसची. पण तारीख चुकली म्हणून माणूस बदलतो का, ताई?"

ते आत जाऊन एक पारदर्शक पिशवी घेऊन आले, तोंड लाखेनं बंद केलेलं. आत निळसर कापडाची घडी, कंगवा आणि किल्ली. काचेच्या अलीकडून ती किल्ली कुठलीही किल्ली होती.

"बघू द्या ना हातात."

"नाही देता येत. ओळख पटल्याशिवाय पिशवी बाहेर नाही."

"आणि पाहिल्याशिवाय ओळख कशी पटणार?"

"तो नियम मी नाही केला." ते जरा ओशाळले. "तुम्ही सांगा काय बघायचं, मी बघतो."

तिनं पर्समधून स्वतःची किल्ली काढली. नऊ वर्षांची असताना मूळप्रत धरायची तशी ती तिनं दोन्ही हातांच्या बोटांत धरली, आणि अंगठ्याचं नख पहिल्या दातावर ठेवलं. "तुम्ही किल्लीचे दात वाचा," ती म्हणाली. "मुठीकडून टोकाकडे. एकेक. मी इथं बघते."

"वाचू?"

"हो. जसं आहे तसं."

त्यांनी पिशवी वर केली, मग लांब धरली, मग आणखी लांब. जवळचं दिसत नव्हतं त्यांना. जवळसाठी निदान दीड नंबरची काच तरी हवी होती, हे तिला पाहताक्षणी कळलं. तिनं पर्समध्ये हात घातला. बाबांचं भिंग अजून तिथंच होतं, रुग्णालयातून त्यांच्या कपड्यांबरोबर मिळालेलं, कडेला लाल पेन्सिलीचा डाग असलेलं. फटीतून तिनं ते आत सरकवलं. कारकुनांनी ते पिशवीवर टेकवलं, वाकले, आणि काचेपलीकडे त्यांचा डोळा एकदम मोठा झाला.

"वा! हे भारी आहे. हं. पहिला दात उंच."

तिचं नख पहिल्या दातावर होतं. "उंच."

"मग खाच. खोल आहे."

"खोल."

"मग दोन बुटके, जोडीनं."

"दोन बुटके."

"मग पुन्हा उंच, पण पहिल्याहून कमी. त्याच्यामागं उथळ खाच."

नख सरकत होतं. डोकं घरी ठेवून वाच, अर्थ लागला की चूक दिसत नाही. ती अर्थ लागू देत नव्हती. मागं बाकावर कुणीतरी खोकत होतं, धुलाईघरातून ओल्या चादरींचा वाफाळ वास येत होता. अशा किल्ल्या हजारो असतात. एक कारागीर दिवसाला पन्नास कापतो. अजून नाही म्हणता येत होतं. अजून ती पर्स मिटून, भिंग परत घेऊन, आभारी आहे, हा तो नव्हे, असं म्हणू शकत होती, आणि कारकून बरं झालं म्हणाले असते, आणि घराच्या सूचनेत मुलगा, ठावठिकाणा अज्ञात, तसाच राहिला असता, म्हणजे कुठंतरी असला असता. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. ज्यांचं बिघडायचं तेही गेले होते. तिच्या जिभेवर तो शब्द आयता होता, चौदा महिने घासून गुळगुळीत झालेला.

"ताई? थांबलात का? एकच राहिलाय."

"वाचा," ती म्हणाली. "शेवटचा."

कारकून भिंगावर आणखी वाकले. त्यांनी पिशवी इकडून तिकडे फिरवली, प्रकाशाकडे धरली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा अर्धाच आहे हो. तिरका कापलाय. कारागिरानं चूकच केलीय सरळ." त्यांनी मान वर केली, भिंग अजून हातात. "असल्या किल्लीनं दार उघडत होतं तरी कसं, कोण जाणे."

तिचं नख त्या अर्ध्या दातावर टेकलेलं होतं. तिनं ते काढलं नाही.

"उचलून," ती म्हणाली. "दार जरा उचलावं लागतं."